पन्नासच्या लेन्सचे कोपरे

“पन्नास मिलिमीटरचा लेन्स. मध्यभाग उत्तम. आठ ते सोळा अॅपर्चरला कडेपर्यंत चांगला. त्याहून जास्त उघडला तर कोपरे मऊ पडतात आणि कडेची माणसं रुंद दिसतात. पण कोपऱ्यात पाहतो कोण?”

मागच्या वर्षी उन्हाळ्यात फोनवरच्या आमच्या गटात मी हे लिहिलं आणि खाली एक जुना फोटो टाकला. शेवटचं वाक्य सोडलं तर त्यातलं एक अक्षरही मी आज बदलणार नाही. हा लेख त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे.

संपादकांनी खरं तर ‘स्टुडिओतल्या गमती’ मागितल्या होत्या. एखाददुसरी येईल. बाकीच्या गमती आठवायला बसलो की हेच आठवतं, त्याला माझा इलाज नाही.

आमचा स्टुडिओ देवळाली कॅम्पात, बाजारात होता. तो माझ्या मामांनी काढला. बारावीनंतर मी तिथे चिकटलो आणि मामा गेल्यावर तो माझ्याकडे आला. आता त्या जागेत मोबाइलची कव्हरं मिळतात. मी गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहतो, लोकांच्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून देतो आणि रविवारी गटात फोटो टाकतो. गटात नाशिकमधली दहा-बारा माणसं आहेत. त्यांना मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यांचं वेड आहे. दर रविवारी एकाने फोटो टाकायचा आणि तो कोणत्या लेन्सने काढला, तो लेन्स कसा वाटला, हे लिहायचं. मग बाकीच्यांनी त्यावर वाद घालायचा. कॅमेऱ्यावर पोट भरलेला त्यात मी एकटाच. त्यामुळे माझ्या मताला उगाच मान आहे.

ज्यांनी फोटो फक्त फोनने काढलेत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नेहमीच्या जुन्या कॅमेऱ्यातली निगेटिव्ह चोवीस बाय छत्तीस मिलिमीटरची असायची. आमच्या चौकोनी कॅमेऱ्यातली छप्पन्न बाय छप्पन्न. क्षेत्रफळ काढलं तर साडेतीन पटींहून थोडं जास्त भरतं. म्हणजे तेवढीच जास्त बारीक माहिती मावते. भिंतीएवढा फोटो करा, फाटत नाही. किंमत एवढीच की एका रोलमध्ये बाराच फोटो. आणि कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत वाकून पाहायचं. त्या काचेत उजवीकडचा माणूस डावीकडे दिसतो. सवय होईपर्यंत माणूस वेडा होतो, आणि सवय झाली की सरळ जगच उलटं वाटायला लागतं.

मामांकडे तीन लेन्स होते. ऐंशीचा रोजचा. त्याच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही, तो सरळमार्गी गृहस्थ होता. दीडशेचा चेहऱ्यांसाठी. तो इतका धारदार की त्यापायी गिऱ्हाइकं तुटायची. एकदा एका मेजरसाहेबांच्या पत्नी आपला फोटो घ्यायला आल्या. त्यांनी तो पाहिला आणि काउंटरवर उलटा ठेवला.

“ये आपने मेरी सास की फोटो निकाली है।”

“मॅडम, लेन्स की गलती है,” मामा म्हणाले. “बहुत ईमानदार है।”

“तो इसको थोड़ा सुधारिए। मेरे हज़्बंड को तो आप सुधार नहीं सकते।”

मामांनी दुसऱ्या दिवशी लेन्सवर मामींचा पातळ मोजा ताणून बांधला आणि फोटो पुन्हा काढला. बाई खूश झाल्या. मामी मात्र तो मोजा पुढे कित्येक दिवस शोधत होत्या.

तिसरा लेन्स पन्नासचा, रुंद दृश्य मावणारा. तो क्वचितच बाहेर निघायचा.

आमचं मुख्य काम ग्रुप फोटोचं. कॅम्पातल्या लष्करी छावणीत प्रशिक्षणाचे कोर्स चालतात, आणि कोर्स संपला की ग्रुप फोटो निघतो. पुढे खुर्च्यांवर साहेब लोक, त्यांच्या मागे एक ओळ उभी, तिच्या मागे बेंचवर आणखी एक. हे सगळं मांडायला बेंच आणि खुर्च्या लागतात. त्या वाहून आणायला आमच्याकडे चौघं यायचे, सगळे त्र्यंबकच्या पलीकडच्या डोंगरातल्या एकाच पाड्यावरचे. आवणीला गावी जायचे, भात लावून परत यायचे, कापणीला पुन्हा जायचे. त्यांच्यातला पुढारी किसन.

फोटोचा रोल उघड्या मैदानावर, उन्हात भरावा लागे. कितीही जपलं तरी रोलच्या सुरुवातीला कडेने उजेड शिरायचा. त्यामुळे पहिल्या फ्रेमचा भरवसा नसे. मामांचा नियम होता, “पहिली फ्रेम देवाची.” ती कामाला धरायची नाही. पण वाया तरी का घालवायची? म्हणून साहेब लोक येण्याआधी खुर्च्यांवर बेंचवाल्यांना बसवायचं, त्यांच्यावर फोकस लावायचा, उजेड बघायचा आणि पहिली फ्रेम मारायची. मग ते उठायचे, बाजूला व्हायचे, आणि दुसऱ्या फ्रेमपासून खरं काम सुरू व्हायचं.

मधल्या खुर्चीत, म्हणजे मोठ्या साहेबांच्या खुर्चीत, नेहमी किसन बसायचा. बसला की त्याचं डोकं साहेबांच्या उंचीला यायचं, म्हणून. पण तो बसायचा मात्र हक्काने. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान ताठ.

“काय रं, सलाम नाय ठोकला?” तो बाकीच्या तिघांना म्हणायचा.

“ठोकतो की. उठ खाली, पाठीत ठोकतो.”

“मामा, माझा फोटो कधी देणार?”

“तुझा तर रोज निघतो लेका!”

“रोज निघतो आन् रोज मरतो,” किसन म्हणायचा. “असा साहेब कुठं पाहिला का?”

मरतो म्हणजे खरंच मरायचा. रोल धुतल्यावर वाळत घालताना चिमटा पहिल्या फ्रेमलाच लावायचा, म्हणजे कामाच्या फ्रेमला ओरखडा पडत नसे. वाळल्यावर ती फ्रेम कापून टाकायची. मामा याबाबत कडक होते. साहेबांच्या खुर्चीत मजूर बसलेला फोटो छावणीत कुणाच्या हाती लागला तर आपलं येणंजाणं बंद होईल, ही त्यांची भीती. ती अवाजवी होती असं मला वाटत नाही.

आता गटात टाकलेल्या फोटोकडे येतो. त्या दिवशी सगळं मांडून झालं होतं. साहेब बसले, ओळी लागल्या. कोर्सचे कर्नल साहेब ठेंगणे होते आणि त्यांना सगळ्या गोष्टींची चौकशी करायची सवय होती. खुर्चीत बसता बसता त्यांनी विचारलं, “ये बेंच किसने लगाए?”

मामांनी चौघांकडे बोट केलं.

“तो वो बाहर क्यों खड़े हैं? बुलाओ।”

मामांनी हाताने त्यांना बोलावलं. चौघं आले. दोघं मागच्या ओळीच्या एका टोकाला, दोघं दुसऱ्या टोकाला. किसन अगदी उजव्या टोकाला, शेवटचा. चौघांत टोपी नसलेला तो एकटा. आता रांग ऐंशीच्या लेन्सात मावेना, आणि मागे सरकायला जागा नव्हती, पाठीशी कुंपण होतं. मी पन्नासचा लेन्स लावला. तेवढ्यात ढग आले. शटर सेकंदाच्या साठाव्या भागाहून हळू नेलं तर इतक्या माणसांत कुणीतरी हलणारच, म्हणून अॅपर्चर पाच-पॉइंट-सहाला उघडलं; आकडा आठपेक्षा लहान, म्हणजे भोक मोठं. त्या वेळी तेच बरोबर होतं. आजही मी तेच करीन.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चौघं आवणीला गावी गेले. किसन परत आला नाही. ताप आला, दवाखाना लांब, पाऊस धो धो. तिघांनी येऊन सांगितलं. मामांनी त्यांना त्या ग्रुपची एक प्रत दिली. ही गोष्ट साधारण तीस वर्षांपूर्वीची.

मागच्या उन्हाळ्यात मी हा फोटो टाकला तो केवळ पन्नासचा लेन्स दाखवायला. गटातले डॉक्टर दातांचे डॉक्टर आहेत. आमच्या घरापासून चार इमारती सोडून त्यांचा दवाखाना आहे. त्यांनी तो फोटो दवाखान्यात संगीताला दाखवला. संगीता त्यांची मदतनीस, गेली काही वर्षं तिथेच काम करते. तिला फोटोत रस नव्हता, पण कॅम्पाचं नाव ऐकून तिने फोन हातात घेतला. दुपारच्या सुट्टीत ती माझ्या दारात उभी राहिली. हातात डबा तसाच, न उघडलेला.

“काका, माझे वडील कॅम्पात फोटोचे बेंच उचलायचे.”

“नाव काय त्यांचं?”

“किसन.”

मी तिला आत बोलावलं आणि संगणकावर मोठा फोटो उघडला. ती खुर्चीत न बसता वाकून बघत राहिली. मग तिने विचारलं, “यातले माझे वडील कोणते?”

वडील गेले तेव्हा ती तीन-चार वर्षांची होती. भाऊ रवी पोटातून नुकता बाहेर आलेला. घरात किसनचा एकही फोटो नव्हता. मतदार ओळखपत्राचे फोटो काढायला माणसं पाड्यावर आली तेव्हा तो कॅम्पात दुसऱ्यांच्या फोटोचे बेंच उचलत होता. मामांनी दिलेली प्रत ज्याच्या घरी होती त्याचं घर एका पावसाळ्यात बसलं.

मी उजवं टोक मोठं केलं. आणखी मोठं केलं.

“याला तर तोंडच नाही,” संगीता म्हणाली.

निगेटिव्हवर किसनचा चेहरा एक मिलिमीटरचा आहे. मधल्या खुर्चीतल्या कर्नल साहेबांचाही तेवढाच, पण त्यांच्या मिशीची टोकं मोजता येतात. किसनच्या जागी डोळ्यांचे दोन काळसर डाग आणि त्याखाली एक सावली. दात दिसत होते का? बहुतेक हसत होता. बहुतेक.

ती का आली होती ते मग कळलं. रवीचं लग्न ठरलं होतं. रवी टोमॅटोची पिकअप चालवतो. मुलगी गिरणारे गावाकडची. आता लग्नाच्या दारात मोठा फ्लेक्स लागतो, त्यात वरच्या कोपऱ्यात गोल करून घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो टाकतात, खाली ‘यांच्या आशीर्वादाने’. मुलीकडच्या फ्लेक्सवर तिचे आजोबा होते, पणजोबासुद्धा होते. रवीच्या बाजूचा गोल रिकामा होता.

“फ्लेक्सवाला म्हणाला, फोटो नसेल तर गणपती टाकतो,” संगीता म्हणाली. “आई म्हणाली, गणपती सगळ्यांचाच असतो, बाप याचा एकट्याचा होता. तो पाहिजे.”

मी काम हातात घेतलं. पन्नासचा लेन्स कडेला माणूस किती ताणतो याचं गणित आहे. किसन चौकटीच्या कडेला होता, तिथे चेहरा शेकडा चौदा रुंद होतो. ते चौदा टक्के मी काढून टाकले. चेहरा उभट झाला, गालफडं दिसली. पण मऊपणा, म्हणजे धूसरपणा, जाईना. जे फिल्मवर उतरलंच नाही ते धुऊन-पुसून वर येत नाही.

मग मला पहिल्या फ्रेम आठवल्या. किसन त्या लेन्सांच्या बरोब्बर मध्यावर, फोकस लावून, चांगल्या उजेडात, किती वेळा बसला असेल! त्याच्याइतके फोटो त्या छावणीत कुणाचेच निघाले नसतील. त्यातली एखादी कापायची राहिली असेल.

माळ्यावरून निगेटिव्हचे डबे खाली काढले. फिल्मच्या कडेला फ्रेमचा आकडा छापलेला असतो. मी पट्ट्या उजेडावर धरून एकेक बघू लागलो. सुरुवातीचा आकडा दोन. पुढची पट्टी, दोन. त्याच्या पुढची, दोन. मामांचा हात साफ होता आणि माझाही. सगळ्या कडा सरळ कापलेल्या.

बायको चहा ठेवून गेली, येऊन बघते तर चहा तसाच. “एरवी शिस्तीचं कौतुक सांगता,” ती म्हणाली, “एकदा तरी गबाळेपणा करायचा होतात.”

एक सापडली. कापलेली नव्हती, बहुधा पट्टी घाईत पाकिटात गेली असावी. कडेला ‘एक’ हा आकडा स्पष्ट. मी ती स्कॅन केली. मधली खुर्ची होती, खुर्चीत माणूस होता. दोन्ही हात गुडघ्यांवर. बोटांची पेरं, नखांतली माती, मनगटावरचा काळा दोरा, सगळं असं की हात लावून बघावं. आणि छातीपासून वर फक्त पांढरं. तिथून उजेड शिरला होता. पहिली फ्रेम कामाला का धरायची नाही ते मामा उगाच सांगत नव्हते.

मी संगीताला दाखवलं.

“हात आलेत,” मी म्हणालो.

“हाताला हार कसा घालायचा, काका?”

ओंकार आमच्या गटातला सगळ्यात लहान, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. डॉक्टरांनी त्याला सांगितलं असणार. त्याचा फोन आला, “काका, तुम्ही कशाला एवढा त्रास घेताय? मला स्कॅन पाठवा.” त्याने संगीताकडून रवीचेही दोन फोटो मागून घेतले. दुपारी पाठवलं आणि चहाच्या वेळेला परत आलं.

चेहरा होता. पूर्ण चेहरा. डोळ्यांत चमक, भुवईचा एकेक केस वेगळा, ओठांच्या कडेला हसू. दीडशेच्या लेन्सनेही इतका धारदार आला नसता.

“हा कोण?” मी विचारलं.

“तेच काका, तुमचे किसन. फक्त शार्प केलेत.”

“एका मिलिमीटरात पापण्या नव्हत्या, ओंकार. कुठून आणल्यास?”

“मी नाही, प्रोग्रॅमने आणल्या. त्याने लाखो चेहरे बघितलेत. कुठल्या सावलीखाली काय असतं ते त्याला कळतं.”

“त्याने किसनचा बघितलाय का?”

ओंकार म्हणाला, “काका, बघितलेल्यांपैकी तरी कुणी सांगू शकतं का?”

तो खोचक बोलला नव्हता. प्रश्न मलाच होता. मी किसनला कित्येक वर्षं काचेत बघितलं होतं, फोकस लावताना त्याच्या डोळ्यांवरच लावायचो. मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. ताठ मान आठवली. गुडघ्यांवरचे हात आठवले. आवाज तर जसाच्या तसा. चेहऱ्याच्या जागी मला फोकस लागल्याचं आठवत होतं, चेहरा आठवत नव्हता.

संगीताला मी स्वच्छ सांगितलं, “हा फोटो नाही, अंदाज आहे. डोळे, नाक, हनुवटी, यातलं खरं काय आणि बनवलेलं काय हे मला सांगता येणार नाही.”

“काका,” ती म्हणाली, “आमच्याकडे आजवर अंदाजसुद्धा नव्हता.”

तिच्या आईला, सखूबाईंना, दाखवायला आम्ही दोघं त्र्यंबकेश्वरला गेलो. देवळाच्या वाटेवर त्या बेल आणि फुलांच्या पुड्या विकतात. वयाने माझ्याएवढ्याच. संगीताने फोन पुढे केला. त्यांनी हात पदराला पुसले, फोन धरला, लांब नेला, जवळ आणला.

“माणूस चांगला हाय,” त्या म्हणाल्या.

“मग?”

“कोणाचा हाय?”

“आई!” संगीता चिडली. “बाबा आहेत ते. नीट बघ.”

“बघितलं. ते नाय हे.”

“काय नाही यात? नाक नाही का, डोळे नाहीत? काय वेगळंय ते तरी सांग.”

सखूबाईंनी पुन्हा पाहिलं. त्यांना सांगता येईना. कुणालाच येणार नाही. आपल्या रोजच्या माणसाचं नाक कसं होतं हे शब्दांत सांगा म्हटलं तर मलाही माझ्या वडिलांचं सांगता येणार नाही. मी माझ्या फोनवर मूळ ग्रुप काढला आणि त्यांच्यापुढे धरला. काही न सांगता त्यांनी उजव्या टोकावर बोट ठेवलं.

“हे बघा. उभं राहनं त्यांचं. बेंचवरून आता उडी मारतील.”

“पण तोंड दिसतंय का त्यात?” संगीता म्हणाली. “फ्लेक्सवर हे लावलं तर लोक हसतील. मुलीकडच्यांचे पणजोबासुद्धा स्पष्ट आहेत. तीस वर्षं झाली आई, तुला तरी नक्की आठवतंय का?”

हे ती बोलून गेली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. सखूबाई एका गिऱ्हाइकाला बेल देऊ लागल्या. पुडी बांधून झाल्यावर म्हणाल्या, “लावा. पोराच्या लग्नात बाप पायजे.”

लग्नाला मी आणि बायको गेलो. मांडवाच्या दारात फ्लेक्स होता, पुरुषभर उंच, आणि वरच्या गोलात तो चेहरा परातीएवढा. त्याखाली किसनचं नाव. पाड्यावरची माणसं येत होती, थांबत होती.

“आरं, किसन!”

“हुबेहूब! कुठून मिळवला रे रव्या?”

“असाच हसायचा बघ. लबाड!”

त्या चार बेंचवाल्यांतला दगडू अजून आहे. तोही आला. काठी टेकून फ्लेक्ससमोर उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “साहेबच झाला की शेवटी,” तो म्हणाला. मग त्याला मी दिसलो. “भाऊ, तुम्ही सांगा. तुम्ही तर रोज कॅमेऱ्यातून बघायचा. हाच ना आपला किसन?”

सखूबाई नवऱ्या मुलाची आई म्हणून नव्या लुगड्यात दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझ्याकडून काहीतरी ऐकायचं होतं. होकार की नकार, ते मला कळलं नाही.

“मला नीट आठवत नाही,” मी म्हणालो. ते खरं होतं.

“म्हातारं झालात तुम्ही,” दगडू हसला आणि पुन्हा फ्लेक्सकडे वळला. “हाच. शंभर टक्के हाच.”

सखूबाईंनी एकदा दगडूकडे पाहिलं, एकदा वर. “सगळी म्हणतात, तर असल,” त्या पुटपुटल्या आणि पाहुण्यांना घ्यायला पुढे झाल्या.

गटात ओंकारचं फार कौतुक झालं. जुना फोटो आणि नवा चेहरा शेजारी शेजारी लावून डॉक्टरांनी टाकले. खाली अंगठे आणि फुलं. एकाने लिहिलं, “आता लेन्सच्या कोपऱ्यांची चिंता संपली.”

पावसाळा संपता संपता संगीता पुन्हा आली. “आईने तो धुरकट फोटो मागितलाय. कागदावर. कशाला ते सांगत नाही.”

निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो काढायचा जुना एन्लार्जर माझ्याकडे अजून आहे आणि थोडा कागद उरला होता, मुदत उलटून गेलेला. न्हाणीघराला काळा पडदा लावून मी किसनचा तेवढा तुकडा स्वतः काढला. चौदा टक्के काढले नाहीत, काहीच सुधारलं नाही. लेन्सने जसा दिला तसा. कागद औषधात बुडवल्यावर चित्र हळूहळू वर येतं. डोळ्यांचे दोन डाग आले, सावली आली, आणि पुढे काही यायचं नाही हे माहीत असूनही मी कागद हलवत राहिलो.

तो घेऊन मी एकटाच त्र्यंबकला गेलो. ऊन पडलं होतं, गर्दी बेताची होती. सखूबाईंनी मला बसायला पाटी उलटी करून दिली.

“तुम्हाला तरास दिला, भाऊ.”

“त्रास कसला? पण हा कशाला हवा होता? यात काहीच दिसत नाही.”

त्या बेलाची पानं निवडत होत्या, तीन पानांची एकीकडे, तुटकी दुसरीकडे. हात थांबवला नाही.

“लग्नाच्या आधी डोळे मिटले का ते यायचे. रोज नाय, पर यायचे. भात लावताना, इथं बसल्या बसल्या. आता तो येतो. फ्लेक्सवरचा. हसतो माझ्याकडं बघून.” त्यांनी एक पान उजेडावर धरून बघितलं आणि टाकून दिलं. “परका माणूस हो. सारखा येतो. म्हनून म्हटलं, हा ठेवावा जवळ. बघून बघून ह्यांना परत आनावं.”

मी पाकिटातून फोटो काढून दिला. त्यांनी हात पुसले आणि तो दोन्ही हातांनी धरला. लग्नाआधी फोनवर याच डागांवर त्यांनी एका क्षणात बोट ठेवलं होतं. आता त्या बघत राहिल्या. फोटो कलता केला, सावलीत नेला, परत उन्हात आणला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि वाट बघत होतो.

“काय झालं?” शेवटी मी विचारलं.

“ह्याच्यातबी तोच बसलाय,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात समोरून एक कुटुंब आलं. सखूबाईंनी फोटो पालथा करून फुलांच्या टोपलीत, ओल्या फडक्याखाली सरकवला आणि पुडी हातात घेतली. “या, बेल घ्या, फुलं घ्या.”